हलक्या ट्रेलरचे मडगार्ड : निवड आणि जोडणी

बैलगाडीला मडगार्ड नसतो, आणि तो असावा असें शेंकडों वर्षांत कोणा सुताराच्या मनांतही आलें नाहीं. सायकलला मात्र तो असतो; आणि मोटारीचीं चाकें तर उघडीं ठेवण्याची कल्पनाही कोणी करीत नाहीं. हा भेद कशामुळें पडला असावा? बैलगाडीचें चाक चिखलांतून जात नाहीं असें नव्हे; उलट सर्वांत अधिक चिखल तेंच तुडवितें. भेद चिखलाचा नसून वेगाचा आहे. ही गोष्ट एकदां नीट ध्यानांत आली म्हणजे, मोटारीच्या मागें जोडावयाच्या लहान दुचाकी ट्रेलरला मडगार्ड कसा निवडावा व कसा बसवावा, या प्रश्नाचें निम्में उत्तर आपोआप मिळतें.

ओल्या रस्त्यावरून फिरणाऱ्या टायरला पाण्याचा पातळ थर चिकटून राहतो. चाक फिरत असतां हा थर गोफणींतील खड्याप्रमाणें सरळ रेषेंत निसटूं पाहतो. त्याला टायरशीं धरून ठेवण्यास जें बळ लागतें, तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें आणि चाकाची त्रिज्या जितकी लहान तितकें अधिक होतें. दीड मीटर व्यासाच्या चाकांची बैलगाडी ताशीं ४ किलोमीटर वेगानें चालली असतां हें बळ थेंबाच्या स्वतःच्या वजनाच्या केवळ एक-षष्ठांश भरतें. चिखलाचा चिकटपणा त्याला सहज पुरून उरतो. म्हणून चिखल चाकाबरोबर फिरतो आणि सुकल्यावर ढेंकळांनीं गळून पडतो. आतां ५३७ मिलिमीटर व्यासाचें लहान चाक घ्यावें आणि वेग ताशीं २० किलोमीटर धरावा. तेंच बळ वजनाच्या सुमारें बारा पट होतें. वेग ताशीं ६० किलोमीटर झाला तर तें शंभर पटींहून अधिक होतें. वेग तिप्पट, पण बळ नऊपट! इतक्या ओढीपुढें पाण्याचा चिकटपणा टिकाव धरीत नाहीं आणि थेंबांची सरबत्ती सुरू होते. लहान चाक आणि मोठा वेग हीं दोन्ही लक्षणें हलक्या ट्रेलरच्या ठिकाणीं एकत्र आलेलीं असतात. म्हणून त्याच्या चाकांना आच्छादनाची गरज कोणत्याही मोटारीइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, असते.

सुटलेला थेंब जातो कोठें? भूमितीच्या भाषेंत सांगावयाचें तर तो स्पर्शरेषेनें जातो. चाकाच्या तळापासून मागच्या बाजूनें थोड्या उंचीवर सुटलेला थेंब मागें व किंचित् वर जातो. आंसाच्या उंचीवर सुटलेला सरळ वर जातो. माथ्यावरून सुटलेला पुढें फेंकला जातो. मात्र या सर्व दिशा ट्रेलरवर बसून पाहणाऱ्याच्या दृष्टीनें झाल्या. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मनुष्याला निराळेंच दृश्य दिसेल. ट्रेलर पुढें चालला आहे आणि थेंब त्याच्यापासून मागें सुटत आहे. त्यामुळें हे दोन वेग बहुतांशीं एकमेकांना मारतात, आणि थेंब मागें जाण्याऐवजीं जागच्या जागीं वर उसळतो. ताशीं ६० किलोमीटर वेगानें चाललेल्या चाकाच्या तळापासून ३० अंशांवर सुटलेला खडा, हवेचा विरोध हिशेबांत घेतला नाहीं तर, साडेतीन मीटर उंच चढूं शकतो. "पुढच्या गाडीनें दगड मागें फेंकला" असें आपण म्हणतों. पण खरें पाहतां पुढच्या गाडीनें तो हवेंत टांगून ठेवलेला असतो, आणि मागचा मनुष्य जवळजवळ आपल्याच वेगानें त्यावर जाऊन आदळतो. मागें मोटार असेल तर कांचेला तडा जातो. मागें मोटारसायकल असेल तर काय होईल, हें सांगावयास नको.

यावरून मडगार्डाचें पहिलें काम स्पष्ट होतें : पाणी, चिखल व खडे यांना उडाल्याबरोबर अडविणें. परंतु त्याचें दुसरेंही एक काम आहे, व तें कमी महत्त्वाचें नाहीं. फिरत्या चाकाला माणसाच्या वस्त्रापासून दूर ठेवणें, हें तें काम. प्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन हिचा १९२७ सालीं फ्रान्समधील नीस येथें मृत्यु झाला, तो गळ्यांतील लांब वस्त्र मोटारीच्या उघड्या चाकांत गुंतल्यामुळें. भारतांत १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकीं १२३ व्या नियमानें मोटारसायकलच्या मागल्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें संरक्षण सक्तीचें केलें, तें मागें बसणाऱ्याचे कपडे चाकांत गुंतूं नयेत म्हणूनच. साडीचा पदर, ओढणी, धोतराचा सोगा हीं आपल्याकडील वस्त्रें वाऱ्यावर उडणारीं आहेत. पुष्कळशा हलक्या ट्रेलरचीं चाकें हौद्याच्या बाहेर, उघडीं फिरतात, आणि तीं नेमकीं लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर असतात. गर्दीच्या रस्त्यांत हळूं चाललेल्या अशा गाडीला मडगार्ड नसेल तर ती केवळ घाण उडविणारी गाडी राहत नाहीं. ती धोक्याची गाडी ठरते.

हलका ट्रेलर म्हणजे कोणता, हें येथें सांगितलें पाहिजे. युरोपांत भारासह ७५० किलोग्रॅमपर्यंतचा ट्रेलर सर्वांत हलक्या वर्गांत धरतात, आणि भारतीय वर्गीकरणांतही पहिल्या वर्गाची मर्यादा पाऊण टन हीच आहे. ब्रिटन व ऑस्ट्रेलिया या देशांत असे ट्रेलर घरोघर दिसतात. बागेंतील कचरा, तंबूचें सामान, लहान होडी, घर बदलतांना कपाटें व पलंग, असें सर्व त्यांवर जातें. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही त्याचा परिचय असतो. आपल्याकडे जीपमागचे लहान ट्रेलर आणि कोंकणांतील भातशेतींत वापरल्या जाणाऱ्या पॉवर टिलरच्या मागचे ट्रेलर हे त्यांचेच भाऊबंद होत. ब्रिटनमधील १९८६ च्या वाहन-बांधणीच्या नियमांत, चाकांनीं उडविलेला चिखल व पाणी शक्य तितकें अडविणारें आच्छादन ट्रेलरलाही असावें, असें कलम आहे. कारखान्यांतून आलेल्या ट्रेलरला मडगार्ड बहुधा बसविलेलाच असतो. प्रश्न उभा राहतो तो जुना मडगार्ड गंजून फाटला म्हणजे, किंवा गांवच्या लोहाराकडून ट्रेलर बांधून घ्यावयाचा असला म्हणजे.

निवडीचा आरंभ टायरवरील अक्षरांपासून करावा. समजा, टायरवर १४५/८० आर १२ असें लिहिलें आहे. भारतांतील लहान मोटारींना हा टायर पुष्कळ वेळां दिसतो. पहिला आंकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्यें सांगतो. दुसरा आंकडा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा किती हें दाखवितो. तिसरा आंकडा आंतल्या लोखंडी चाकाचा व्यास इंचांत देतो. आतां १२ इंच म्हणजे जवळजवळ ३०५ मिलिमीटर. १४५ चे शेंकडा ८० म्हणजे ११६, आणि भिंती वर एक व खालीं एक अशा दोन, म्हणून २३२. बेरीज ५३७ मिलिमीटर. हाच टायरचा बाहेरचा व्यास. दुकानांत जाण्यापूर्वीं एवढें गणित घरीं करावें, आणि मग टेप लावून तें ताडून पाहावें. नुसतें "बारा इंची चाकाचा मडगार्ड द्या" असें म्हणून भागत नाहीं. कारण त्याच बारा इंची चाकावर निरनिराळ्या जाडीचे टायर चढतात.

रुंदीचा नियम सोपा आहे. टायरच्या दोन्ही बाजूंस सुमारें २५ मिलिमीटर जागा राहावी. म्हणजे १४५ च्या टायरला १९५, अर्थात् बाजारांत मिळणारा २०० मिलिमीटर रुंदीचा मडगार्ड योग्य. भार पडला म्हणजे टायर खालीं फुगतो. शिवाय दोन चाकांचा आंस एकसंध असेल तर, एक चाक दगडावर चढतांच दुसरें चाकही किंचित् कलतें. या दोन्ही कारणांसाठीं ही बाजूची मोकळीक लागते. मडगार्ड टायरहून अरुंद असेल तर तो नसल्यासारखाच आहे. कारण टायरच्या कडेनें उडणारें पाणी त्याला चुकवून निघून जातें.

टायर आणि मडगार्ड यांमधील उभें अंतर ठरविणें अधिक विचाराचें काम आहे, आणि बहुतेक चुका येथेंच होतात. प्रथम मडगार्ड कशाला बांधावयाचा हें ठरवावें. तो आंसाला बांधला तर चाकाबरोबरच वरखालीं होतो. मग ३० ते ४० मिलिमीटर अंतर पुरें होतें आणि पाणीही उत्तम अडतें. पण तेथें त्याला स्प्रिंगचा आश्रय नसतो. रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ त्याच्या आधारपट्ट्यांना बसतो, आणि त्या पट्ट्या जाड नसतील तर कांहीं महिन्यांतच बोल्टांच्या भोंकांपाशीं चिरा पडतात. म्हणून हलक्या ट्रेलरचा मडगार्ड बहुधा हौद्याला किंवा सांगाड्याला बांधतात. तेथें तो स्प्रिंगच्या वर असल्यामुळें सुरक्षित राहतो. परंतु भार वाढला किंवा खड्डा आला म्हणजे हौदा खालीं येतो आणि मडगार्ड टायरच्या जवळ जातो. यासाठीं ट्रेलर रिकामा असतांना, आंस वर सरकून कोठें अडतो तिथपर्यंतचें अंतर मोजावें. तें ७० मिलिमीटर निघालें तर त्यांत ३० मिळवून टायरच्या माथ्यावर १०० मिलिमीटर जागा सोडावी.

आतां कोणी म्हणेल, एवढी मोकळी जागा सर्व बाजूंनीं सोडली तर पाणी अडणार कसें? याचें उत्तर भूमितीनेंच द्यावें. चाक मुख्यतः वर सरकतें. पुढें-मागें फारसें सरकत नाहीं. म्हणून मोकळीक माथ्यावर हवी, मागें-पुढें तितकी नको. ३१० मिलिमीटर त्रिज्येचा अर्धगोल मडगार्ड घेऊन त्याचा मध्य आंसाच्या मध्यापेक्षां ६० मिलिमीटर वर ठेवला, तर माथ्यावर सुमारें १०० मिलिमीटर अंतर मिळतें आणि आंसाच्या उंचीवर मागें-पुढें केवळ ३५ मिलिमीटर राहतें. ज्या ट्रेलरचें चाक रबरी टॉर्शनच्या आडव्या दांड्यावर बसविलेलें असतें, तेथें मात्र चाक वर जातांना थोडें मागेंही सरकतें. अशा ठिकाणीं मागील अंतर आणखी १५-२० मिलिमीटर वाढवावें.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो महाराष्ट्रांतील वाचकाला सांगावयास हवा. देशावरील काळी माती पावसांत लोण्यासारखी होते आणि टायरला थरावर थर चढवीत जाते. अशा मातींतून सायकल नेणाऱ्यास ठाऊक आहे कीं, थोड्याच वेळांत मडगार्ड व टायर यांमधील जागा भरून जाते, चाक फिरेनासें होतें, आणि मग सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ट्रेलर खांद्यावर घेतां येत नाहीं. चाक अडलें तरी ओढणारें वाहन त्याला फरफटत नेतें. टायर झिजतो आणि मडगार्डही उपटून निघतो. म्हणून शेतांत जाणाऱ्या ट्रेलरला एक तर सर्व बाजूंनीं मोठें अंतर सोडावें, नाहीं तर हातानें फिरवावयाच्या पंखदार नटांनीं काढतां-घालतां येईल असा मडगार्ड बसवावा. शेतांत शिरतांना तो काढावा. पण डांबरी रस्त्यावर येतांना पुन्हां चढवावयास विसरूं नये. ओल्या शेतांतून आलेला ट्रेलर पहिल्या दोन किलोमीटरमध्यें जितका चिखल उडवितो, तितका एरव्हीं सबंध दिवसांतही उडवीत नाहीं.

यानंतर प्रश्न येतो, मडगार्डानें चाकाचा किती भाग झांकावा. दिसावयास माथा महत्त्वाचा वाटतो. कामाच्या दृष्टीनें मात्र मागची बाजू महत्त्वाची आहे. एका मोठ्या कागदावर चाकाचें वर्तुळ काढून स्पर्शरेषा आंखून पाहाव्या, म्हणजे पुढील गोष्ट दिसून येईल. वरील मापाचा मडगार्ड मागच्या बाजूस आंसाच्या उंचीपर्यंतच आणला तर, चाकाच्या तळापासून सुमारें ६० अंशांपर्यंत सुटणारे सर्व थेंब त्याच्या खालून निसटतात. पण त्याच्या मागल्या टोंकाला रबरी पडदा, ज्याला मडफ्लॅप म्हणतात तो, जमिनीपासून १०० मिलिमीटरपर्यंत लोंबता सोडला, तर केवळ २२ अंशांपर्यंतचे थेंब निसटतात. जे निसटतात ते बुटके कोन करून जातात व फार उंच चढत नाहींत. थोडक्यांत, मागचा एक वीतभर रबर पुढच्या सबंध पत्र्याइतकें काम करितो. मात्र पडदा पातळ असूं नये; पातळ रबर वाऱ्यानें मागें उडून आडवा होतो आणि काम करावयाच्या वेळींच रजा घेतो. पडद्याचें खालचें टोंक पूर्ण भार असतांनाही जमिनीला लागूं देऊं नये, नाहीं तर गाडी मागें घेतांना तो चाकाखालीं सांपडून उपटला जातो. पुढच्या बाजूस मडगार्ड आंसाच्या उंचीच्या थोडा वर संपला तरी चालतो. तेथें त्याचें काम मुख्यतः हौद्याचा तळ व सामान कोरडें ठेवण्याचें असतें.

आकाराचे दोन प्रकार बाजारांत मिळतात. एक अर्धगोल, दुसरा सपाट माथ्याचा व दोन्ही टोंकांना उतरता. अर्धगोल मडगार्ड चाकाच्या जवळून जातो, म्हणून पाणी चांगलें अडवितो, आणि त्याच्या गोलाईमुळें पातळ पत्राही ताठ राहतो. सपाट माथ्याच्या मडगार्डाखालीं चाकाला वर सरकण्यास अधिक जागा मिळते. एकामागें एक दोन चाकें असलीं तर तोच सोयीचा. मात्र सपाट माथा दिसला कीं त्यावर पाय देऊन हौद्यांत चढण्याचा मोह मनुष्याला आवरत नाहीं. ट्रॅक्टरच्या मडगार्डावर माणसें बसवून नेण्याची चाल खेड्यापाड्यांतून दिसते. एका धक्क्यासरशीं बसलेला मनुष्य मोठ्या चाकाखालीं जाऊं शकतो, म्हणून ती चाल जीवघेणी आहे. ट्रेलरच्या मडगार्डावर तर कोणालाही केव्हांही बसूं देऊं नये. चढण्यासाठीं पायरी हवी असेल तर ती सांगाड्याला निराळी जोडावी.

धातु कोणता घ्यावा, याविषयीं दुकानदार आपापल्या मालाची स्तुति करणारच. घेणाऱ्यानें गुणदोष स्वतः तोलावे. साधा रंग दिलेला लोखंडी पत्रा स्वस्त असतो. पण आंतल्या बाजूनें खड्यांच्या माऱ्यानें रंग उडतो, आणि जेथें कोणी पाहत नाहीं तेथूनच गंज चढूं लागतो. गरम जस्तांत बुडवून काढलेला पत्रा याहून पुष्कळ टिकाऊ. ओरखडा पडला तरी भोंवतालचें जस्त आधीं झिजून लोखंडाला कांहीं काळ वांचवितें. ॲल्युमिनिअम हलकें असतें व लोखंडासारखें तांबडें गंजत नाहीं. परंतु सततच्या कंपानें त्याला चिरा पडतात. शिवाय समुद्राकांठच्या खाऱ्या दमट हवेंत लोखंडी बोल्ट जेथें त्याला टेकतो तेथें ॲल्युमिनिअम खाऊन जातें. म्हणून मध्यें रबर किंवा नायलॉन यांचा वायसर घालावा. प्लास्टिकचा मडगार्ड खड्यानें पोंचत नाहीं, गंजत नाहीं आणि वजनानेंही थोडा. वर सांगितलेल्या मापाच्या मडगार्डाचा मुख्य पट्टाच हिशेबांत घेतला, तर १.२ मिलिमीटर जाडीचें लोखंड पावणेदोन किलोहून थोडें अधिक भरतें, २ मिलिमीटरचें ॲल्युमिनिअम सुमारें एक किलो, आणि ४ मिलिमीटरचें प्लास्टिक सुमारें ७०० ग्रॅम. पण प्लास्टिकचा शत्रु सूर्य आहे. उन्हानें तें ठिसूळ होतें. काजळी मिसळलेलें काळें प्लास्टिक त्यांतल्या त्यांत अधिक टिकतें, म्हणून रंगाच्या आवडीपेक्षां काळ्याला पसंती द्यावी. काचतंतूंचा मडगार्ड दिसावयास देखणा, परंतु खड्याचा मार बसला कीं त्याच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटतात. एकंदरींत रोजच्या वापराला जस्ताचा पत्रा किंवा जाड काळें प्लास्टिक यांपैकीं एक घ्यावें.

आतां जोडणी. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करून चाकांना पुढें-मागें लांकडी उटी लावावी. ट्रेलर रिकामा असावा आणि टायरमध्यें हवा पूर्ण भरलेली असावी. टायरच्या माथ्यावर ठरलेल्या अंतराएवढी जाड फळी ठेवून तिच्यावर मडगार्ड टेकवावा. दोन्ही बाजूंस सारखीं अंतरें आहेत कीं नाहींत तें मोजावें, आणि मगच खडूनें भोंकांच्या खुणा कराव्या. खुणा करून झाल्यावर मडगार्ड बाजूला काढून भोंकें पाडावीं. चाकावर ठेवलेल्या स्थितींत भोंक पाडूं गेल्यास गिरमीट टायरमध्यें शिरण्याचा धोका असतो. आधार निदान तीन ठिकाणीं द्यावा : एक पुढें, एक मागें आणि एक माथ्याजवळ. दोनच आधार असले तर मडगार्ड त्यांच्याभोंवतीं डुलूं लागतो आणि आपल्याच वजनानें थकतो. आधाराला कोनी लोखंड वापरावें, आणि त्यासाठीं सांगाड्याच्या मुख्य तुळईच्या वरच्या किंवा खालच्या कडेला भोंक पाडूं नये; सर्वांत अधिक ताण त्या कडांवर येतो. आंसाला तर भोंक पाडूं नये आणि वेल्डिंगही करूं नये. वेल्डिंग करावयाचें झाल्यास तें आधारपट्टीच्या ठिकाणींच, आणि जस्त चढविलेला भाग असेल तर तेथील जस्त आधीं घांसून काढून, मोकळ्या हवेंत करावें. जळत्या जस्ताचा पांढरा धूर छातींत गेला तर थंडी वाजून ताप भरतो.

८ मिलिमीटर जाडीचे बोल्ट पुरेसे आहेत, परंतु ते बसविण्याची दिशा महत्त्वाची आहे. बोल्टाचें गुळगुळीत डोकें टायरच्या बाजूस आणि नट बाहेरच्या बाजूस असावा. पुष्कळ ठिकाणीं याच्या उलट केलेलें आढळतें; मग एखाद्या खड्ड्यांत टायर वर आला कीं बोल्टाचें आटे पाडलेलें टोंक करवतीसारखें रबर कापतें. डोकें व नट या दोहोंखालीं रुंद वायसर घालावे, म्हणजे ताण एका बिंदूवर न येतां पसरतो. नट सैल होऊं नये म्हणून आंत नायलॉनचें कडें असलेला नट वापरावा. प्लास्टिकच्या मडगार्डाचीं भोंकें गोल न ठेवतां किंचित् लांबट ठेवावीं; कारण ४० अंशांच्या फरकानें एक मीटर लोखंड जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतें, तर तितकेंच प्लास्टिक ४ ते ८ मिलिमीटर वाढूं शकतें. वाढावयास वाव मिळाला नाहीं तर तें भोंकापाशींच फाटतें.

जोडणी झाल्यावर दोन परीक्षा घ्याव्या. पहिली सोपी : जॅक लावून चाक काढतां येतें कीं नाहीं तें पाहावें. सुंदर बसलेल्या मडगार्डानें चाकाचा मार्ग अडविला असल्याचें पुष्कळांना कळतें तें टायर पंक्चर झाल्यावर, रात्रीं व पावसांत. दुसरी परीक्षा : मडगार्डाच्या आंतल्या बाजूस खडू फांसावा, ट्रेलरवर नियमांत बसेल तेवढा पूर्ण भार चढवावा, आणि गतिरोधकावरून तो हळूं व नंतर थोड्या वेगानें न्यावा. परत आल्यावर टायरवर खडूची पांढरी रेघ उमटलेली दिसली तर अंतर कमी पडलें असें समजावें आणि आधार वर घ्यावे. ही परीक्षा दोन्ही चाकांची घ्यावी. कारण भार एका बाजूस अधिक असेल तर एकच मडगार्ड घासतो.

मागचे दिवे मडगार्डाला लावण्याची प्रथा आहे. परंतु मडगार्ड कांपला कीं दिवाही कांपतो आणि लवकर जातो. शक्य असेल तर दिवे हौद्याच्या मागल्या फळीवर न्यावे. मडगार्डावरच ठेवावयाचे असले तर तार ज्या भोंकांतून जाते त्याच्या कडेला रबरी कडें बसवावें, म्हणजे पत्र्याच्या धारेनें तार कापली जाणार नाहीं. परावर्तक मात्र मडगार्डाला शोभतो. युरोपांत ट्रेलरच्या मागें त्रिकोणी तांबडे परावर्तक लावतात; अंधारांत तो त्रिकोण दिसला म्हणजे पुढें सुटी गाडी नसून जोडलेली गाडी आहे, हें मागच्याला दुरून कळतें. १९३९ सालीं युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनमध्यें रस्त्यावरचे दिवे मालविले गेले, तेव्हां गाड्यांच्या कडांना पांढरा रंग देण्यांत आला. दिव्याशिवायही चाकाची कड दिसावी हाच त्याचा हेतु होता. आपल्याकडील अनेक रस्त्यांवर दिवे नसतात. मडगार्डाच्या बाहेरच्या कडेला पांढरा पट्टा ओढावयास खर्च तो किती?

पुढची निगा थोडकी आहे. पावसाळ्यांत आठवड्यांतून एकदां पाण्याच्या धारेनें मडगार्डाची आंतली बाजू धुवावी. कारण तेथें साठलेला ओला चिखल गंजाचें घर असतो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हां एकदां आंवळावे. टायर बदलतांना नवा टायर जुन्याहून मोठ्या मापाचा घेतला असेल तर सर्व अंतरें पुन्हां मोजावीं. आधारपट्टीवर बारीकशी चीर दिसली तर ती वाढण्याची वाट पाहूं नये. सुटलेला मडगार्ड चाकांत गुंतला म्हणजे तो रक्षक न राहतां घातक होतो.

एवढ्या खटाटोपाचा लाभ कोणाला, असें शेवटीं विचारावेंसें वाटेल. ट्रेलरच्या मालकाला त्यांतला अगदीं थोडा वाटा मिळतो : सामान कांहींसें कोरडें राहतें आणि हौदा उशिरां गंजतो. पुढें बसलेल्या मालकाला मागें उडणारा चिखल दिसतही नाहीं. खरा लाभ होतो तो मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला, कडेनें चालणाऱ्या शाळकरी मुलीला, पदर सांवरीत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला. आणि त्यांची व ट्रेलरवाल्याची ओळखही नसते. दिवा बंद असेल तर पोलीस हटकतो, पण मडगार्ड अरुंद आहे किंवा पडदा फाटला आहे म्हणून सहसा कोणी हटकीत नाहीं. त्यामुळें हें काम नीट करणें सर्वस्वीं मालकाच्या सद्बुद्धीवर सोंपविलेलें आहे. रस्ता सर्वांचा आहे, असें आपण तोंडानें म्हणतों. आपल्या चाकाखालचा चिखल आपल्याच गाडीखालीं ठेवणें हा त्या म्हणण्याचा व्यवहारांतील अर्थ होय.